प्रत्यारोपणानंतरचा व्यायाम फोनवरून कसा चालवायचा: कोकणातल्या घरांसाठी

किडनी, यकृत, हृदय किंवा फुफ्फुस बदलून माणूस मुंबई-पुण्याहून गावी परतला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता काडीही उचलायची नाही, झोपाळ्यावर बसून राहा. दुसरा म्हणतो, नवा अवयव मिळालाय ना, मग उद्यापासून भाताच्या लावणीला चला. दोन्ही पक्षांचा जीव त्या माणसावर असतो आणि दोघांचंही चुकतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे बरेचसे रुग्ण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून फोनवरच भेटतात, कारण प्रत्यारोपण केंद्र घरापासून रेल्वेच्या एका रात्रीवर असतं आणि आठवड्यातून तीनदा तिथे जाऊन व्यायाम करणं कोणालाच परवडत नाही. हा लेख अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगते. यूट्यूबवरचा व्हिडिओ लावून हातपाय हलवणं म्हणजे दूरस्थ व्यायाम कार्यक्रम नव्हे. तुम्ही पाठवलेले आकडे कोणीतरी वाचतं, त्यावरून पुढच्या आठवड्याचा व्यायाम ठरवतं आणि काही बिनसलं तर तुमच्या प्रत्यारोपण टीमला कळवतं, तेव्हा त्याला कार्यक्रम म्हणायचं. असं माणूस आधी शोधा, मोबाइलचा स्टँड नंतर घ्या.

व्यायाम कशासाठी

अवयव नवा असला तरी बाकीचं शरीर जुनंच असतं. डायलिसिसची वर्षं, यकृताच्या आजारातलं पोटातलं पाणी, हृदय थकलेलं असताना अंथरुणात काढलेले महिने, या सगळ्यात मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू वितळून गेलेले असतात. त्यात प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड स्नायू आणखी पातळ करतं, हाडं ठिसूळ करतं, भूक वाढवतं. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस गोळीने बीपी आणि साखर वर जाते, काहींचे हात थरथरतात. म्हणून पहिल्या वर्षात वजन वाढतं आणि ताकद मात्र वाढत नाही. स्नायू परत मिळवण्याची गोळी नाही. नियमित व्यायामाने दम, ताकद आणि साखरेवरचा ताबा सुधारतो, आणि बेताने केला तर अवयवाला त्रास होत नाही.

हे घराजवळ राहूनही जमतं. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या केंद्रांनी हृदय-प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षातल्या व्यायामाचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना केंद्रात अडकवून न ठेवता त्यांच्या गावच्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली व्यायाम करवला होता. टप्प्याटप्प्याने जोर लावणाऱ्या गटाचा दम मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. तसा जोर फोनवर कोणी लावू नये, तो समोर माणूस असतानाच लावायचा असतो. केंद्र दूर असलं तरी व्यायाम होतो, एवढंच त्या अभ्यासातून इथे घ्यायचं.

सुरुवातीआधी: टीमकडून मागायचा कागद

डिस्चार्जच्या वेळी किंवा पुढच्या तपासणीला गेल्यावर एक साधा कागद लिहून मागा. डॉक्टर घाईत असले तर ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला गाठा, बहुतेक वेळा काम तिथेच होतं. कागदावर हे हवं:

- शस्त्रक्रियेची तारीख, जखमेची स्थिती, किती किलोपर्यंत उचलायचं आणि कधीपासून
- बीपी कितीच्या वर गेल्यास व्यायाम करायचा नाही
- दिवसाला पाणी किती प्यायचं
- हिमोग्लोबिन, साखर, आणि झाली असेल तर हाडांची तपासणी
- फिश्च्युला (डायलिसिससाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड) कुठल्या हाताला आहे
- काही झालं तर रात्री कोणाला फोन करायचा

वजन उचलण्याचा साधारण हिशोब असा: किडनीनंतर पहिले ६ ते ८ आठवडे ४-५ किलोच्या वर नाही, यकृताचा छेद मोठा असतो, तिथे ३ महिने धरा, नाहीतर हर्निया होतो, हृदय-फुफ्फुसासाठी छातीचं हाड कापलं असेल तर ते सांधायला ८ ते १२ आठवडे लागतात. तुमच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पाण्याची १० लिटरची कळशी म्हणजे १० किलो, हे घरातल्या बायकांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण कळशी उचलणं ही त्यांच्या हिशोबात मेहनतच नसते.

चालणं मात्र या मुदतीला थांबत नाही. ते वॉर्डातच सुरू होतं आणि घरी रोज चालू राहतं.

शक्य असेल तर पहिली तपासणी प्रत्यक्ष करून घ्या: सहा मिनिटांची चाल, पायांची ताकद, तोल. भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० मध्ये आली, आणि व्हिडिओ, नुसता फोन किंवा मेसेज या तिन्ही वाटांनी डॉक्टर सल्ला देऊ शकतात. पण गुडघा हाताने दाबून बघणं या तिन्हीत बसत नाही. पुढच्या तपासणीला जाल त्याच दिवशी फिजिओथेरपीची वेळ मागून घ्या, म्हणजे वेगळा हेलपाटा पडत नाही.

घरात काय लागतं

दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र (मनगटाचं नको), थर्मामीटर, वजनकाटा. हृदय-फुफ्फुसवाल्यांना बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ग्लुकोमीटर. फिश्च्युलाच्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही आणि व्यायामाचा रबरी पट्टाही त्या हाताला गुंडाळायचा नाही.

डंबेल विकत घेऊ नका. १ लिटरची भरलेली बाटली म्हणजे १ किलो, अर्धी भरली की अर्धा. खुर्ची लाकडी, हात नसलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर पाय फाकवते, आणि हाडं ठिसूळ असलेल्या माणसाला एक पडणं फार महाग जातं. अनवाणी किंवा मोजे घालून व्यायाम नको. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.

पहिला व्हिडिओ कॉल

मोबाइल जमिनीवर नको आणि हातातही नको. स्टुलावर डबा ठेवून त्याला टेकवा, साधारण कमरेच्या उंचीवर, तुमच्यापासून सात-आठ पावलांवर. डोक्यापासून टाचेपर्यंत दिसलं पाहिजे. कोकणातल्या घरात माजघर अंधारं असतं आणि दारातून उजेड येतो. तुम्ही दाराकडे पाठ करून उभे राहिलात की मला नुसती सावली दिसते. तोंड दाराकडे करा. उठबस करताना आडवे वळा, कारण गुडघा आणि कंबर बाजूनेच कळते.

पहिल्या काही वेळा घरातलं एक माणूस शेजारी हवं. त्याचं काम मोबाइल धरणं नाही, तुम्हाला धरणं आहे.

प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला चार गोष्टी सांगायच्या: आज कुठे आहात, घरात कोण आहे, आजचं बीपी-वजन-ताप, आणि गेल्या वेळेपासून गोळ्यांत काही बदल झाला का. पहिला प्रश्न रुग्णांना विचित्र वाटतो. पण समोरचा माणूस कोसळला तर मला १०८ ला पत्ता सांगायचा असतो, आणि तो त्या दिवशी बहिणीकडे गेलेला असू शकतो. बऱ्याच वाड्यांत गाडी घरापर्यंत येत नाही, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून यावं लागतं. म्हणून पहिल्याच कॉलला ठरवून ठेवा: गाडी कुठे थांबेल, तिथवर कोण उचलून नेईल, शेजाऱ्याचा नंबर काय. दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर तुमच्या परवानगीनेच. तुमचा व्यायामाचा व्हिडिओ चाकरमान्यांच्या फॅमिली ग्रुपवर फिरवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, कौतुकाने पाठवणाऱ्या पुतण्याने नव्हे.

घरच्या घरी मोजमाप

तीन मोजमापं पुरतात. ती दर महिन्याला, त्याच जागी, साधारण त्याच वेळी करा.

अर्ध्या मिनिटाची उठबस: खुर्चीत बसून हात छातीवर घडी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. छातीचं हाड सांधत असताना ही चाचणी सोयीची, कारण हातांवर जोर येत नाही.

सहा मिनिटांची चाल: खळ्यात, म्हणजे अंगणात, दोरीने १० मीटर मोजा, दोन टोकांना दोन चिरे ठेवा, आणि सहा मिनिटांत किती फेऱ्या झाल्या ते लिहा. इस्पितळात ही चाल लांब व्हरांड्यात घेतात. खळ्यात सारखं वळावं लागतं म्हणून अंतर कमी भरतं. तेव्हा तिथल्या आकड्याशी तुलना करू नका, मागच्या महिन्यातल्या स्वतःच्या आकड्याशी करा.

एका पायावर उभं राहणं: भिंतीजवळ, १० सेकंदांपर्यंत, दोन्ही पायांवर. टेकावं लागलं तर तसं लिहा.

जोर किती लावायचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोबाइलवरची घड्याळं नाडीवरून सांगतात, आणि हृदय बदललेल्या माणसाच्या बाबतीत ते सरळ चुकतं. प्रत्यारोपणात हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतू तुटतात. त्यामुळे हे हृदय बसल्याजागीही मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं, चालायला लागल्यावर उशिरा वेग घेतं, आणि थांबल्यावरही बराच वेळ तसंच धावत राहतं. छातीत दुखणंही नीट जाणवत नाही, म्हणून अचानक लागलेली धाप किंवा आलेला थकवा छातीतल्या दुखण्याइतकाच गंभीर धरायचा. अशांनी शरीर तापवायला १० मिनिटं आणि थंडावायला १० मिनिटं द्यायचीच. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) घेणाऱ्या किडनी-यकृतवाल्यांची नाडीही दाबलेली असते.

म्हणून सगळ्यांसाठी एकच माप वापरा: शून्य ते दहा कष्ट. शून्य म्हणजे झोपाळ्यावर बसलेले, दहा म्हणजे आता जीव जाईल. तुम्हाला ३ ते ४ वर राहायचंय. आकडा सुचत नसेल तर बोलून बघा. शेजारच्याशी वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे, पण आरती सलग म्हणता येऊ नये. आरती आरामात म्हणताय तर वेग वाढवा. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर कमी करा.

फुफ्फुस बदललेल्यांनी ऑक्सिमीटर लावून चालायचं. टीमने वेगळा आकडा दिला नसेल तर ९० च्या खाली गेलं की थांबायचं, बसायचं आणि परत मोजायचं. रोज स्पायरोमीटरवर फुंकायला सांगितलं असेल आणि नेहमीपेक्षा १० टक्के कमी भरत असेल तर व्यायाम बाजूला ठेवून टीमला फोन.

बारा आठवडे

खालची योजना जखम भरल्यावर, उचलण्याची परवानगी मिळाल्यानंतरची आहे. त्याआधी नुसतं चालणं, घोटे फिरवणं, खोल श्वास.

पहिले दोन आठवडे: दिवसातून दोनदा १० मिनिटं सपाटीवर चाल, आठवड्यातून पाच दिवस. एकाआड एक दिवस ताकदीचे चार प्रकार: खुर्चीवरून उठबस ८ वेळा, भिंतीला हात लावून ढकलणं ८ वेळा, भिंत धरून टाचा उचलणं १० वेळा, बसून गुडघा सरळ करणं १० वेळा. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी उसळतं आणि पोटाच्या छेदावर ताण येतो.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात चाल एका दमात १५ ते २० मिनिटांवर न्या. ताकदीच्या प्रकारांत हातात अर्धा ते एक किलोच्या बाटल्या घ्या, आणि घराची पायरी चढणं-उतरणं जोडा: उजव्या पायाने ८, डाव्याने ८, एक हात खांबाला. उतरताना गुडघ्यावर ताबा ठेवायचा; कोकणात उतारावरच माणूस घसरतो, तेव्हा उतरण्याचा सराव चढण्याहून कामाचा.

सातव्या ते बाराव्या आठवड्यात ३० मिनिटांची चाल, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे आठवड्याची १५० मिनिटं होतात, जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना किमान सांगते तेवढी. ताकदीच्या फेऱ्या तीन, प्रत्येकी १० ते १२. ज्यांची पाखाडी घरासमोर आहे त्यांनी तिथे थोड्या पायऱ्या चढून उतरावं, पण एकट्याने नको.

वाढवताना आठवड्यात एकच गोष्ट वाढवा: एकतर मिनिटं, नाहीतर वजन, नाहीतर फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही थकवा उतरला नसेल तर आठवडा तसाच काढा. मागे जाण्यात कमीपणा नाही. माझ्या अनुभवात जे रुग्ण "माका काय्येक होणा नाय" म्हणत दोन पायऱ्या एकदम चढतात तेच मध्ये सुट्टी घेतात.

उड्या, पळत वळणं, वजन घेऊन पुढे वाकणं पहिल्या वर्षात टाळा. योगासनं चालतील, पण कपालभाती, पोट आत खेचणारे प्रकार आणि डोकं खाली करणारी आसनं विचारल्याशिवाय नकोत. नवी किडनी पाठीत नसते, पोटाच्या खालच्या भागात जांघेच्या वर बसवलेली असते, बरगड्यांचं कवच तिला नाही. म्हणून कबड्डी, कुस्ती असले धक्क्याचे खेळ कायमचे बाद. क्रिकेटच्या टेनिस बॉलबद्दल टीमला विचारा.

जांघेत खोल दुखत असेल आणि चालताना वाढत असेल तर तो स्नायूचा लचका समजून चालत राहू नका. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो; त्याला एमआरआय लागतो. तसंच स्टेरॉइडवर असताना सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक चालू झालं तर टाचेमागची जाड शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटण्याचा धोका वाढतो. त्या दिवसांत टाचा उचलणं बंद, नुसती हळू चाल.

अंग दुखलं म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम आणून खाऊ नका. नव्या किडनीला ते घातक आहे, आणि टॅक्रोलिमससोबत आणखी. शेक, विश्रांती, आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तर पॅरासिटामॉल. वैद्याचं चूर्ण, गावठी काढा यांनाही हाच नियम.

गोळ्या, रक्ततपासणी आणि व्यायामाची वेळ

टॅक्रोलिमसची वेळ व्यायामासाठी सरकवायची नाही. रक्तातली पातळी मोजायची असेल त्या सकाळी रक्त देऊन मगच गोळी घेतात, हे माहीत असतंच. फारसं कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी की तपासणीच्या आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम करू नये. त्याने क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) तात्पुरतं वर दिसू शकतं, लघवीत प्रथिनं दिसू शकतात, आणि मग घरभर उगाच घबराट. आदल्या दिवशी साधी चाल पुरे.

बीपीची गोळी घेतल्यावर लगेच उठबस करू नका, चक्कर येते. इन्सुलिनवाल्यांनी आधी साखर बघायची: १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन सुरुवात, २५० च्या वर असेल आणि अंगात बरं वाटत नसेल तर त्या दिवशी सुट्टी आणि फोन.

घाम गेला म्हणून शहाळं फोडण्याआधी पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. टॅक्रोलिमसने पोटॅशियम वाढतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं. साधं पाणी, ठरलेल्या मापात, हे उत्तम. विषय निघालाच आहे तर: गणपतीच्या माटवीला टांगलेलं पपनस खाऊ नका. ग्रेपफ्रूटसारखंच तेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतं.

रेंज नसेल तेव्हा

पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, टॉवर बंद पडतो, आणि काही वाड्यांत बाराही महिने सड्यावर (डोंगरावरच्या सपाट माळावर) गेल्याशिवाय रेंज मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर उभारलेला कार्यक्रम जूनमध्येच कोसळतो. म्हणून तीन थर ठेवा.

पहिला थर वही. शाळेची शंभरपानी वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: "मंगळवार. चाल १८ मि., कष्ट ३. उठबस १० × २. बीपी १२८/८२. वजन ६१.४. पाय सुजले नाहीत. रात्री झोप कमी." एवढ्यावर मला पुढचा आठवडा ठरवता येतो.

दुसरा थर साधा फोन किंवा मेसेज, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. रेंज मिळेल तिथे पानाचा फोटो पाठवा. व्यायामाचे व्हिडिओ वायफाय असेल तेव्हाच मोबाइलवर उतरवून ठेवा. हे काम मे महिन्यात सुट्टीला आलेल्या मुलांकडून करून घ्यावं. ती मुंबईला परतली की गणपतीपर्यंत करणारं कोणी नसतं.

तिसरा थर व्हिडिओ कॉल: पहिल्या महिन्यात आठवड्याला एक, पुढे पंधरवड्याला. नवा प्रकार शिकायचा असेल किंवा काही दुखत असेल तेव्हा तो हवाच. दोन आठवडे तुमच्याकडून काहीच आलं नाही तर कोण कोणाला फोन करणार, हेही आधी ठरवा. मी शेजाऱ्याला करते.

गट करून व्यायाम करायला मजा येते, आणि एकाच गावात दुसरा प्रत्यारोपित माणूस क्वचितच असतो, म्हणून पडद्यावर का होईना पण आपल्यासारखं कोणी दिसलं की बरं वाटतं. पण सहाच्या वर माणसं असली की छोट्या चौकोनात कोणाचा गुडघा आत वळतोय ते मला दिसत नाही.

इथलं हवामान, इथली माती

एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात दमट हवेने घाम वाळत नाही. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर चाला. प्रत्यारोपणाच्या औषधांवर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून उन्हात टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन. किनाऱ्याजवळ राहत असाल तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत कष्टाचा आकडा एकदम दोनाने वाढतो.

पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर, पाखाडीवर चालणं बंद. पडवीत फेऱ्या मारा, जागच्या जागी पाय उचला, घरातली पायरी वापरा. शेतातल्या चिखलात अनवाणी उतरायचं नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) कोकणात दर पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तो जास्त छळतो. पायाला भेग असेल तर गमबूट घालूनही शेतात नको. विहीर, डोह, खाडीत पोहणं टाळा. शेणखत उपसणं, कुबट पेंढा झाडणं, गोठा साफ करणं यात बुरशीचे कण उडतात, ते फुफ्फुसात जातात. राब भाजतात त्या दिवसांत, धूर वस्तीवर उतरला असेल तर व्यायाम दार लावून आत. आंब्याच्या दिवसांत झाडावर चढणं आणि भरलेल्या पेट्या उचलणं दुसऱ्यांवर सोपवा; बसून आंबे निवडायला हरकत नाही.

शिमग्याचा प्रश्न दर वर्षी येतो. पालखी खांद्यावर घेऊन नाचवू का? पहिल्या वर्षी नाही, आणि पोटात नवी किडनी असणाऱ्यांनी नंतरही दांड्याखाली जाऊ नये. गर्दीत, गुलालात, मास्क लावून थोडा वेळ दर्शन घ्या. गणपतीतली फुगडी सहा महिन्यांनंतर, तोल चांगला असेल तर, घरच्या माणसाबरोबर, हळू. जाखडीच्या नाचात उभं राहायचं असेल तर त्याची तालीम व्यायामात मोजा. ती ५-६ कष्टांपर्यंत सहज जाते.

थांबायचं कधी

व्यायाम सुरूच करू नये असे दिवस: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर (स्टेरॉइडमुळे ताप दबतो, म्हणून ९९.५ ला कणकण असेल तरी थांबा), उलट्या-जुलाब, विश्रांतीत वरचं बीपी १८० किंवा खालचं ११० च्या वर.

चालू असताना छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड, बोलता न येण्याइतकी धाप: थांबा, बसा, पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. छातीत दडपण असेल तर पाच मिनिटंही थांबू नका.

मला नव्हे तर थेट प्रत्यारोपण टीमला कळवायच्या गोष्टी: एका दिवसात १ किलो किंवा आठवड्यात २ किलो वजन वाढणं, लघवी कमी होणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं किंवा फुगवटा, डोळे पिवळे होणं, पायांवर नवी सूज, जखमेतून पाणी. या रिजेक्शनच्या (शरीराने नवा अवयव नाकारण्याच्या) किंवा संसर्गाच्या खुणा असू शकतात. फिजिओथेरपिस्टशी बोलून "उद्या बघू" म्हणण्यात एक दिवस जातो, तो घालवू नका.

बारा आठवड्यांनंतर

परत तीन मोजमापं घ्या. सुधारणा असेल तर व्हिडिओ कॉल महिन्यावर आणा, वहीचा फोटो पंधरवड्याला. वर्ष झाल्यावर तीन महिन्यांतून एक कॉल पुरतो, शक्यतो रक्ततपासणीच्या आठवड्यात, म्हणजे रिपोर्टही सोबत बघता येतो. मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात तपासणीला जाताना वही बरोबर न्या. डॉक्टरांना "चालतो बऱ्यापैकी" यापेक्षा उठबसचे वर्षभराचे आकडे जास्त सांगून जातात.

मध्ये रिजेक्शन झालं आणि स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं दिली गेली, किंवा संसर्गाने इस्पितळात राहावं लागलं, तर जुन्या योजनेवर उडी मारू नका. मोठ्या स्टेरॉइडने मांड्यांची आणि खांद्यांची ताकद आधी जाते. पायऱ्या चढताना आणि पाटावरून उठताना ते पहिल्यांदा कळतं. टीमची परवानगी आल्यावर आधी अर्ध्या मिनिटाची उठबस मोजा. आकडा मागच्यापेक्षा बराच घसरला असेल तर पहिल्या दोन आठवड्यांच्या पानावरून सुरुवात करा. थोडाच घसरला असेल तर जिथे होता त्याच्या निम्म्या मिनिटांनी आणि निम्म्या वजनाने. साखर या काळात उसळलेली असते, तेव्हा व्यायामाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा आणि दोन्ही आकडे त्याच ओळीत लिहा.